जहाज धक्क्याला लागलं, आता कुठे जायचं? : वाचकांचे प्रश्न

दिवाळीनंतर क्रूझला निघणाऱ्यांची बरीच पत्रं आली आहेत. केबिन कोणती घ्यावी, जेवणात जैन पदार्थ मिळतात का, बोट लागते का, हे मागच्या अंकांत होऊन गेलं. या वेळी मी एकाच विषयावरची पत्रं घेतली आहेत: जहाज एखाद्या बंदरात दिवसभर थांबतं, तेव्हा खाली उतरून काय करायचं. हे प्रश्न मला जवळचे आहेत. ज्येष्ठांचे गट घेऊन फिरताना क्रूझवरचे सगळ्यांत आनंदाचे आणि सगळ्यांत घालमेलीचे दिवस मी याच तासांत पाहिले.

प्रश्न : ताई, नमस्कार. डिसेंबरात मी, आमचे हे आणि सासूबाई मुंबईहून क्रूझने कोचीला जातोय. सासूबाई 78 वर्षांच्या आहेत, काठी घेऊन चालतात, पण हौस दांडगी आहे. जहाज सकाळी आठला लागणार, संध्याकाळी सहाला सुटणार. आमच्या ह्यांना अलेप्पीची हाउसबोट करायची आहे. फोनवर बोललेला टॅक्सीवाला म्हणतो, सहज होईल. जहाजाच्या सहलींचे दर पाहून धास्ती वाटली. काय करावं? (सहकारनगर)

उत्तर : आधी तास मोजू. जहाज आठला लागतं म्हणजे आपण आठला उतरत नाही. दोर बांधणं, बंदराची परवानगी, मग जहाजाच्या सहलींचे गट, त्यानंतर बाकीचे. काठीवाल्या सासूबाईंसह तुमचे पाय जमिनीला लागायला नऊ वाजतील. दुसरं टोक पाहा. सहाला सुटणाऱ्या जहाजावर परत चढायची शेवटची वेळ त्याच्या बरीच आधी असते. ती केबिनमध्ये येणाऱ्या रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत आणि गँगवेजवळच्या (जहाजावर चढ-उतर करायच्या पुलाजवळच्या) फलकावर लिहिलेली असते. ती पाच धरा. सामान तपासणीची रांग धरा. म्हणजे चार-सव्वाचारला तुम्ही बंदराच्या फाटकात हवं. हाती उरले सात तास.

अलेप्पी कोचीहून पन्नास किलोमीटरच्या पुढे आहे. नकाशावर दीड तास दिसतो, पण हायवेवर अरूरजवळ कोंडी झाली की अडीच तासही लागतात. जाऊन-येऊन चार-पाच तास गाडीत, हाउसबोटीवर दीड तास, आणि त्या दीड तासातही लक्ष घड्याळाकडे. टॅक्सीवाला खोटं बोलत नाही, त्याचं ‘होईल’ रस्ता मोकळा असेल त्या दिवशी खरं असतं. पण रस्ता अडला तर जहाज त्याचं जात नाही, तुमचं जातं.

म्हणून माझं स्पष्ट मत : अलेप्पी या वेळी नको. तुमच्या ‘ह्यां’ना पाणी आणि माड बघायचे आहेत ना, त्यांना पहाटे उठवून वरच्या डेकवर न्या. कोचीचं तोंड अरुंद आहे. जहाज आत शिरताना उजव्या हाताला फोर्ट कोची येतं, डाव्या हाताला वायपिन बेट. किनाऱ्यावर मासेमारीची चिनी जाळी उभी असतात, लहान होड्या बाजूला होतात, आणि आपण दहा मजल्यांच्या उंचीवरून हे सगळं अगदी जवळून बघतो. सासूबाईंना खुर्ची आणि शाल द्या. कोचीचा सगळ्यांत सुंदर अर्धा तास हाच आहे असं मला वाटतं, आणि बरेच प्रवासी तो झोपेत किंवा नाश्त्याच्या रांगेत घालवतात.

जहाज लागतं ते विलिंग्डन बेटावर. हे बेट बरंचसं माणसाने केलेलं आहे. रॉबर्ट ब्रिस्टो नावाचा इंग्रज इंजिनियर 1920 मध्ये इथे आला. समुद्राच्या तोंडाशी वाळूचा मोठा बांध होता, त्यामुळे मोठी जहाजं बाहेरच नांगर टाकत. त्याने तो बांध कापून खोल वाट केली आणि उपसलेल्या गाळामातीची भर घालून ही जमीन उभी केली. 1928 साली ‘पद्मा’ नावाची आगबोट पहिल्यांदा आत आली. तुमची गाडी धक्क्यावरून निघेल तेव्हा पायाखाली तोच गाळ असेल, हे सासूबाईंना जरूर सांगा.

आता दिवस कसा लावायचा ते सांगते. फाटकाबाहेर टॅक्सी ठरवा, दिवसभरासाठी आणि तासांच्या हिशोबाने. पैसे आणि थांबे बसण्यापूर्वी बोलून घ्या. पहिल्यांदा मट्टांचेरी, हा कोचीचा जुना भाग. पण त्याआधी वार बघा. तिथला राजवाडा शुक्रवारी बंद असतो आणि ज्यूंचं प्रार्थनामंदिर शनिवारी. शुक्रवारी दुपारनंतरही ते बंद होतं.

मट्टांचेरीचा राजवाडा पोर्तुगीजांनी 1555 च्या सुमारास कोचीच्या राजाला बांधून दिला. डचांनी नंतर दुरुस्ती केली, म्हणून लोक त्याला डच पॅलेस म्हणतात. बाहेरून तो साधाच वाटतो आणि काही जण फाटकातूनच मागे फिरतात. तुम्ही फिरू नका. वर जायला एक जिना आहे, तो सासूबाईंनी सावकाश चढावा. राजाच्या शयनगृहाच्या भिंतींवर रामायण रंगवलेलं आहे, दशरथाच्या यज्ञापासून पुढे. आपल्या आजी-सासवांना तिथे गाइड लागत नाही. माझ्या गटातल्या एका आजींनी भिंतीवरचा एकेक प्रसंग ओळखत शेजारच्या परदेशी बाईंना हातवारे करून सगळी गोष्ट सांगितली होती. फोटो काढू देत नाहीत. ते एका अर्थी बरंच आहे, माणसं नीट बघतात.

तिथून चार पावलांवर ज्यू टाउनची गल्ली आणि तिच्या टोकाला 1568 चं परदेसी सिनेगॉग, म्हणजे मघाशी सांगितलेलं ज्यूंचं प्रार्थनामंदिर. आत जमिनीवर चीनहून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या हाताने रंगवलेल्या फरश्या आहेत, एकीसारखी दुसरी नाही. चपला बाहेर काढाव्या लागतात, त्यामुळे सासूबाईंना बांधायचे बूट घालू नका.

मट्टांचेरीबद्दल आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती आपल्याकडच्या पर्यटकांना कुणी सांगत नाही. याच भागात चेरलाईला कोकणी बोलणाऱ्या गौड सारस्वतांची मोठी वस्ती आहे आणि त्यांचं वेंकटेशाचं देऊळ आहे. पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळून सोळाव्या शतकात गोव्यातून निघालेली ही मंडळी. पुढे डचांचा अधिकारी हेंद्रिक व्हान रेडे याने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ‘हॉर्तुस मलाबारिकुस’ करवून घेतला. त्याला इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्यांबरोबर रंगभट्ट, विनायक पंडित आणि आप्पू भट्ट या तीन कोकणी वैद्यांनी मदत केली. पहिला खंड 1678 मध्ये ॲम्स्टरडॅमला छापला, त्यात या तिघांचं कोकणी प्रमाणपत्र नागरी अक्षरांत आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी युरोपात छापलेली आपली अक्षरं! त्या देवळाच्या रस्त्याने गाडी न्यायला सांगा. एखाद्या दुकानात मराठीत बोलून बघा, उत्तर कोकणीत येईल आणि दोघांनाही निम्मं-अधिक कळेल. सासूबाई तिथे रमतील.

जेवण तिथेच उरका. मट्टांचेरीच्या गुजराती रोडवर शाकाहारी जेवण चांगलं मिळतं. मसाला घ्यायचा तर बाजार रोडच्या जुन्या वखारींकडे बघा. सुंठ आणि मिरीचा वास रस्त्यावरच येतो. अख्खी काळी मिरी घ्या, पूड नको, आणि पिशवी सीलबंद मागा.

दुपारी फोर्ट कोची. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाच्या पहिल्या थडग्याची जागा आहे. तो 1524 मध्ये कोचीतच वारला, पुढे त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. दहा मिनिटं पुरतात. उरलेला वेळ किनाऱ्यावर पर्जन्यवृक्षांच्या सावलीत बसा. चिनी जाळी पाण्यात कशी जातात ते नीट बघा. आडव्या वाशाच्या मागच्या टोकाला दोरांनी मोठे दगड लोंबत असतात. माणसं दोर ओढतात, दगड खाली येतात आणि समोरचं जाळं पाण्यातून वर उठतं. ओढू द्या म्हटलं तर देतात, पण मग त्यांच्या हातावर काही ठेवा, ती त्यांची मजुरीची वेळ असते. फोर्ट कोचीहून एर्नाकुलमला जाणारी वॉटर मेट्रो छान आहे, वीजेवर चालते, गोंगाट नाही. पण परतीच्या वेळी तिच्या रांगेत उभं राहू नका. साडेतीनला गाडीत बसा.

जहाजाच्या सहलीबद्दल. ती महाग असते, पण त्या पैशांत एक हमी असते : त्यांचा गट उशिरा आला तर जहाज त्याची वाट बघतं किंवा गटाला पुढे पोचवायची सोय करतं. स्वतःच्या टॅक्सीला ती हमी नाही. म्हणून लांब जायचं असेल तर जहाजाची सहल, बंदराच्याच गावात फिरायचं असेल तर आपली टॅक्सी. तुम्हाला आपली टॅक्सी पुरे.

मुंबईला जाताना डेक्कन क्वीन सोयीची आहे. पुण्याहून सव्वासातला निघून साडेदहाच्या आत सीएसएमटीला, तिथून बॅलार्ड पिअर टॅक्सीने जवळच. सासूबाईंना मोटारीच्या प्रवासापेक्षा हे सोसवेल.

प्रश्न : सिंगापूरहून क्रूझने पेनांगला जाणार आहोत. आम्ही दोघं, नऊ वर्षांचा मुलगा आणि माझे आई-बाबा. जहाज दुपारी एकला लागेल, रात्री नऊला निघेल. पेनांग हिल, केक लोक सी देऊळ, बातू फेरिंगीचा बीच आणि जॉर्ज टाउन हे सगळं बसवायचं आहे. क्रम कसा लावू? (पिंपळे सौदागर)

उत्तर : तुमच्या यादीतली तीन नावं गावाबाहेर आहेत आणि तिन्ही गर्दीची. ती खोडा. राहिलेलं एक नाव तुमचं जहाज जिथे लागतं तिथेच आहे. स्वेटनहॅम पिअरचं फाटक ओलांडलं की जॉर्ज टाउन सुरू होतं, टॅक्सी लागत नाही. मेलाकाबरोबर 2008 साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेलं हे गाव आहे. जगातली किती तरी बंदरं गावापासून इतकी लांब असतात की पहिला तास बसमध्येच जातो. इथे तो तास तुम्हाला फुकट मिळतोय, तो गाडीत का घालवायचा?

बाहेर पडताच घड्याळाचा मनोरा दिसेल. तो साठ फूट उंच आहे, राणी व्हिक्टोरियाच्या राज्याच्या साठ वर्षांसाठी, वर्षाला एक फूट. मुलाला आधी उंचीचा अंदाज करायला सांगा, मग कारण सांगा. मनोरा किंचित कललेला आहे, दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबहल्ल्याने. तिथून लिटल इंडिया दहा मिनिटांवर. क्वीन स्ट्रीटवर 1833 चं महामारिअम्मनचं देऊळ आहे. आई-बाबांचं जेवण त्याच भागात केळीच्या पानावर होईल, कुणाला काही समजावून सांगावं लागणार नाही. जवळच कपितान केलिंग मशीद, पुढे चिनी कुळांची घरं, त्यातलं खू कोंगसी तिकीट काढून आतून बघा. छपरावरची कोरीव कामं मुलाला बराच वेळ गुंतवतात.

ऊन उतरलं की समुद्राकडे वळा आणि च्यू जेटीवर जा. एकाच आडनावाची चिनी कुटुंबं पाण्यात खांबांवर उभ्या केलेल्या लाकडी घरांत पिढ्यान्‌पिढ्या राहतात. लोक तिथे खरोखर राहतात, तेव्हा दारांतून आत डोकावून फोटो काढू नका आणि मुलालाही आधीच सांगून ठेवा. तिथून जहाज दिसतं, त्यामुळे आई-बाबांच्या जिवाला घोर लागत नाही.

मुलाला डोंगरावरची रेल्वे हवीच असेल तर एकच पर्याय : तुमच्यापैकी एक जण आणि मुलगा थेट पेनांग हिलला जा, आई-बाबा गावात. 1923 पासून चाललेली ती रुळांवरून तारेने ओढली जाणारी गाडी आहे आणि मुलांना फार आवडते. पण वरच्या गाडीची रांग तुमच्या हातात नसते. सुट्टीचा दिवस किंवा शनिवार-रविवार असेल तर हा बेत सोडून द्या.

प्रश्न : पुढच्या मे महिन्यात भूमध्य समुद्राची क्रूझ आहे. चिविताव्हेकिया बंदरात सकाळी सात ते संध्याकाळी सात. तुम्ही नेहमी म्हणता बंदराचं गाव बघा. मग रोम सोडायचं का? (बाणेर)

उत्तर : नाही, रोम सोडू नका! माझा आग्रह तासांचा आहे आणि तुमच्याकडे बारा तास आहेत. रोम इथून सत्तर-ऐंशी किलोमीटर, रेल्वे सरळ आहे. पण अर्धंच रोम बघायचं हे घरातूनच ठरवून निघा.

व्हॅटिकनचा अर्धा भाग हवा असेल तर प्रादेशिक गाडीने रोमा सान पिएत्रो स्टेशनवर उतरा. तिथून सेंट पीटर्सच्या चौकात चालत जाता येतं. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, नाहीतर चर्चच्या दारातून परत पाठवतात. व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्यातला शेवटचा रविवार वगळता रविवारी बंद असतात. इतर दिवशीही आधी वेळेचं तिकीट काढलेलं नसेल तर त्या रांगेत उभे राहू नका. प्राचीन रोम हवं असेल तर पुढे ओस्तिएन्से स्टेशनवर उतरा, लगतच्या पिरामिदे स्थानकातून मेट्रोने दोन स्थानकांवर कोलोसेओ. बाहेर पाऊल टाकलं की समोर कलोसियम उभं. तिथून फोरमच्या कडेने पियात्सा व्हेनेत्सिया, मग पँथिऑन, असं चालत जा. रस्त्यात सतत वाहणारे लोखंडी नळ दिसतील, ते पाणी पिण्याचंच आहे, बाटली भरून घ्या.

परतीची गाडी आधीच निवडा आणि तिच्या आधीची पकडा. चिविताव्हेकिया स्टेशनपासून बंदराची बस आणि मग जहाज, यात तासभर सहज जातो. इटलीत रेल्वेचे संप अधूनमधून असतात आणि ते आधी जाहीर होतात. आदल्या संध्याकाळी जहाजाच्या रिसेप्शनवर विचारा. संप असेल तर जहाजाची सहल घ्या, पैशांकडे बघू नका.

तुमचा मार्ग मध्येच ट्युनिशिया किंवा तुर्कस्तानसारख्या शेंगेनबाहेरच्या (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेरच्या) देशात जाऊन परत युरोपात येत असेल, तर व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा लागतो. जुन्या माहितीवर जाऊ नका, क्रोएशिया 2023 पासून शेंगेनमध्ये आहे.

प्रश्न : सांतोरिनीला जहाज धक्क्याला लागत नाही असं ऐकलं. सासऱ्यांचा गुडघा बदललेला आहे. (औंध)

उत्तर : खरं आहे. जहाज समुद्रातच थांबतं आणि लहान बोटींनी जुन्या बंदरात नेतात. बोटीत पाऊल टाकताना ती हलते, पण दोन्ही बाजूंना खलाशी हात धरायला असतात. वर ‘फिरा’ नावाच्या गावात जायला पाचशेहून जास्त पायऱ्या, गाढवं किंवा केबल कार. सासऱ्यांसाठी फक्त केबल कार. एका वेळी दोन-तीन जहाजं असतील तर तिची रांग उन्हात तासाभराची होते, वर जातानाही आणि खाली येतानाही. त्यामुळे पहिल्या बोटींपैकी एक पकडा आणि जेवणाआधी खाली या. गाढवावर त्यांना बसवू नका. त्यांच्या गुडघ्यासाठीही नको आणि त्या जनावरांसाठीही नको.

प्रश्न : जहाज चुकलंच तर? ही भीती इतकी आहे की आमच्या ह्यांना उतरायलाच नको वाटतं. (निगडी)

उत्तर : भीती रास्त आहे. आपले आपण फिरायला गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही, धक्का ठरावीक वेळेपुरताच मिळालेला असतो. पण चुकलेल्याला वाऱ्यावर सोडतात असंही नाही. प्रत्येक बंदरात जहाज कंपनीचा एजंट असतो आणि त्याचा फोन नंबर रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत छापलेला असतो. पत्रिकेचं ते पान उतरण्यापूर्वी मोबाइलमध्ये फोटो काढून आणि कागद खिशात असं दोन्हीकडे ठेवा. उशीर होतोय असं दिसलं की लगेच एजंटला फोन करा, धक्क्यावर पोचून नको. परदेशात पासपोर्ट जहाजाने ठेवून घेतलेला नसेल तर तो किंवा निदान त्याची रंगीत प्रत बरोबर हवी. पुढच्या बंदरापर्यंत जाण्याचा खर्च आपलाच असतो, म्हणून एक क्रेडिट कार्ड आणि त्या देशाची थोडी रोकड ठेवा. मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावा. मोबाइल किनाऱ्यावरची वेळ आपोआप दाखवतो आणि काही जहाजं आपली वेळ बदलत नाहीत, तिथे एका तासाचा फरक पडू शकतो. समुद्रात असताना मोबाइल एअरप्लेन मोडवर ठेवा, जहाजावरच्या रोमिंगचं बिल फार येतं.

आणि गोळ्या. रक्तदाब, साखर, थायरॉइड, जे काही चालू असेल त्याच्या दोन दिवसांच्या गोळ्या उतरताना पर्समध्ये घ्या, केबिनच्या कपाटात ठेवून जाऊ नका. एवढं केलंत की यजमानांना पहिल्या बंदरात फक्त दोन तासांसाठी उतरवा, जहाज नजरेआड होणार नाही इतक्याच अंतरावर. दुसऱ्या बंदरात ते स्वतःच विचारतील, किती वाजता निघायचं.